फोन स्पीकरवर ठेवणाऱ्या दादांना

दादा,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. कुणी आभार मानले की तुम्हाला कसंनुसं होतं, हे मी त्या सकाळी पाहिलं. मी हात जोडले तर 'ताई, आधी चहा घ्या' म्हणत तुम्ही जिना उतरूनच गेलात. समोर मानू देत नाही, म्हणून चारचौघांत लिहून मानते. तुमचं नाव घालत नाही, अभ्यासिकेचंही नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागात एवढ्या अभ्यासिका आहेत की कुणाला पत्ता लागायचा नाही. वयानं तुम्ही माझ्याहून लहान आहात, पण माझा धाकटा भाऊ तुम्हाला दादा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते.

पत्र आधी त्याला वाचायला दिलं होतं. त्यानं दोन वाक्यं खोडली, एक बदललं आणि 'बाकी जाऊ दे' म्हणाला. त्यामुळं खाली जे आहे ते त्याला विचारून आहे. ही विचारून करायची सवय मला तुमच्याकडून लागली. त्याबद्दल पुढं लिहीतेच.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझा भाऊ परभणीला बी. एस्सी. अ‍ॅग्री झाला आणि राज्यसेवेसाठी पुण्याला गेला. हुशार आहे. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, शिक्षिका म्हणून म्हणते. पूर्व पास व्हायचा, मुख्यला थोडक्यात राहायचा. मग मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि केलेला अभ्यास नव्यानं मांडायची वेळ आली. तारखा पुढं सरकत राहिल्या. या शहरात अशी हजारो पोरं आहेत आणि त्यातली बहुतेक धडपडून उभी राहतात. याचं मात्र काहीतरी आतून बिघडत गेलं. झोप गेली, मेसचा डबा तसाच परत जायला लागला. फोनवर 'हां', 'बरंय', 'ठेवतो' यापलीकडं शब्द नाही.

तुमच्या आधी त्याला 'मदत' केलेल्यांची यादी मोठी आहे. मी त्याच्या क्लासच्या संचालकांना फोन केला होता. म्हटलं सर, पोरगा झोपत नाही, जेवत नाही, जरा बघता का? ते म्हणाले, 'मॅडम, मोटिव्हेशन कमी पडतंय. रविवारी आपल्याकडं नवनियुक्त अधिकाऱ्यांचा सत्कार आहे, त्याला पुढच्या रांगेत बसवतो.' आणि खरंच बसवलं. रात्र रात्र छताकडं बघत काढणाऱ्या पोराला सकाळभर ऐकवलं की ज्याच्यात जिद्द असते तोच टिकतो. कार्यक्रमाचा फोटोसुद्धा मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. फोटोत पुढच्या रांगेतले सगळे टाळ्या वाजवतायत, माझा भाऊ सोडून. फी घेताना पालकाचा नंबर, आधार, दोन फोटो, सगळं मागतात हो हे लोक. पोराला काही झालं तर कुणाशी बोलायचं, एवढा एक रकाना त्यांच्या फॉर्मवर नाही.

दिवाळीत तो गावी आला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावली, ताकदीचं इंजेक्शन दिलं. वजन का उतरलं, झोप किती लागते, कशात मन लागतं का, एक प्रश्न नाही. मामा म्हणाले, लग्न करून द्या. चुलते म्हणाले, पुण्याची हवा लागली. रूममधली पोरं 'टेन्शन नको घेऊ भावा' म्हणायची आणि हेडफोन लावायची. पोरांना मी बोल लावत नाही, त्यांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. संचालकांना मात्र लावते, आणि लावत राहीन.

मग त्यानं नोट्स वाटायला सुरुवात केली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना सांगायला नको की स्वतःच्या हातानं काढलेल्या, समासात बारीक अक्षरांत भर घातलेल्या नोट्स म्हणजे काय असतात. त्या फुकट मिळायला लागल्यावर ज्युनिअर खूश झाले. कुणी म्हणालं दिलदार आहे. कुणी म्हणालं गावी चालला असेल, सुटला बिचारा. अभ्यासिकेत तुमच्याकडं येऊन तो म्हणाला, माझी सीट कुणालाही द्या, डिपॉझिट राहू द्या. तिथं तुम्ही थांबलात. तुम्ही नंतर मला म्हणालात, 'ताई, इथं डिपॉझिटसाठी भांडणं होतात. ते सोडून जाणारा पोरगा मी अजून पाहिला नव्हता.'

जवळच्या वस्तू देऊन टाकणं, निरवानिरव करणं, ही धोक्याची खूण असते. हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण कॉलेजात असताना एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरात कुणीतरी तुम्हाला मानसिक प्रथमोपचार शिकवला होता. त्या शिकवणाऱ्याला कधी कळणारही नाही की त्याचं ते शिबिर परभणी जिल्ह्यातल्या एका घराला पुरून उरलं.

तुम्ही त्याला जिन्यात बसवलंत आणि सरळ विचारलंत, 'जीव द्यायचा विचार येतो का मनात?' लोकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. मलाही पुष्कळांनी नंतर हेच ऐकवलं. आजवरचा अभ्यास उलट सांगतो. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, आणि ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते. भाऊ म्हणतो, 'इतके महिने मी तो शब्द कुणासमोर उच्चारला नव्हता. दादांनी माझ्या आधी उच्चारला, आणि त्यांचा चेहरा बदलला नाही.' (हेच ते त्यानं बदललेलं वाक्य. आधी मी माझ्या शब्दांत लिहिलं होतं.)

पण मला ज्याबद्दल लिहायचंय ती गोष्ट याहून लहान आहे.

त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर तो तुम्हाला म्हणाला, कुणाला सांगू नका. दुसरा कुणी असता तर 'नाही सांगत' अशी शपथ घेतली असती, नाहीतर गुपचूप बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला असता. तुम्ही दोन्ही केलं नाही. म्हणालात, 'हे मी पोटात ठेवणार नाही, जिवाचा प्रश्न आहे. पण कुणाला सांगायचं ते तू ठरव.' त्यानं माझं नाव घेतलं. आणि मग तुम्ही त्याच्यासमोर, त्याच्या शेजारी बसून मला फोन लावलात.

तुमचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. 'ताई, मी अभ्यासिकेतून बोलतोय. तो माझ्याजवळ बसलाय, ठीक आहे. फोन स्पीकरवर आहे, तुम्ही बोलाल ते त्यालाही ऐकू येतंय.'

या एका गोष्टीनं काय केलं, ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. त्याआधी कितीतरी महिने आमच्या घरात माझ्या भावाबद्दल सगळं बोलणं त्याच्या माघारी चाललं होतं. आई शेजारणीला सांगायची, चुलते पारावर बोलायचे. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर त्याला वगळून दुसरा ग्रुप निघाला होता, त्याचं काय करायचं हे ठरवायला. तो खोलीत आला की बोलणं थांबायचं. जो माणूस आधीच स्वतःला सगळ्यांवर ओझं समजतोय, त्याला तो आत येताच गप्प होणारी माणसं काय सांगत असतील, विचार करा. तुम्ही स्पीकरचं बटण दाबलंत आणि तो पुन्हा बोलण्यात आला. विषय म्हणून नाही, माणूस म्हणून.

माझ्यावरही त्या बटणाचा परिणाम झाला. नाहीतर अशा फोनवर माणूस आधी ओरडतो. काय झालं, कसं झालं, काय करून बसला. तो ऐकतोय हे माहीत असल्यावर तसं बोलता येईना. मी म्हटलं, 'ऐकतेय मी. निघते.' पलीकडून त्याचा आवाज आला, 'सावकाश ये. दादा आहेत.' एवढे शब्द तो माझ्याशी एका दमात कैक दिवसांनी बोलला होता.

मग 14416 ला फोन लावलात, तोही स्पीकरवरच. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या शाळेतल्या एकाही शिक्षकाला तेव्हा हा नंबर माहीत नव्हता. आता वर्गावर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे आणि तो पुसायचा नाही अशी पोरांना ताकीद आहे. मी पोचेपर्यंत तुम्ही त्याला एकटं सोडलं नाहीत. तुमची स्वतःची मुख्य परीक्षा तोंडावर होती आणि तुम्ही पहाटे शटर उघडून त्या बदल्यात फुकट सीट मिळवणारे उमेदवार आहात, हे मला भावाकडून फार उशिरा कळलं.

पुढचं दवाखान्याचं सगळं लिहीत बसत नाही. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवलं, नैराश्याचं निदान झालं, गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, डॉक्टरांना एकच विचारलं, 'औषध किती दिवसांत लागू पडतं?' डॉक्टर म्हणाले, दोन ते चार आठवडे फरक पडायलाच लागतात, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. अण्णांनी ते खिशातल्या सोयाबीनच्या पावतीमागं लिहून घेतलं. शेतात फवारणीचं प्रमाण लिहून घेतात, तसंच. ती पावती आता देव्हाऱ्याशेजारी टाचणीला आहे. मामांना वाटत होतं पोलिस केस होईल, आयुष्यभराचा डाग लागेल. त्यांना मी कायदाच वाचून दाखवला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. आणि इथं तर प्रयत्नही झालेला नव्हता, पोरगा नुसता आजारी होता. मामा म्हणाले, 'असं आहे होय.' मग लग्नाचा विषय काढला नाही. निदान त्या दिवशी.

दादा, मी जिथं शिकवते तिथं चौथीच्या पोराला विचारा, साप चावला तर काय करायचं? घडाघडा सांगेल. चिरा द्यायचा नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, माणसाला पळवायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही, गाडीत घालून सरकारी दवाखाना गाठायचा. हे आकाशातून पडलेलं नाही. आरोग्य खात्याच्या लोकांनी, शिक्षकांनी, सर्पमित्रांनी वर्षानुवर्षं गावोगाव सांगितलं तेव्हा ते पोराटोरांच्या तोंडी आलं. मनाच्या बाबतीत मात्र आम्ही अजून चिरा देतोय आणि आवळून बांधतोय.

तुमच्या शिबिरातलं ते तंत्र कुठून आलं, म्हणून शोधलं. ऑस्ट्रेलियात 2000 साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या जोडप्यानं मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम सुरू केला. बेटी स्वतः नर्स, आणि नैराश्य त्यांनी स्वतः भोगलेलं. जॉर्म हे संशोधक. मानसिक आरोग्याची साक्षरता ही कल्पना त्यांच्याच 1997 च्या एका लेखातून पुढं आली. त्या प्रथमोपचाराच्या पायऱ्या अशा: जवळ जा, धोका आहे का बघा, निकाल न देता ऐका, धीर आणि माहिती द्या, योग्य उपचारांकडं वळवा, त्याच्या आपल्या माणसांशी जोडून द्या. बस, एवढंच. बरं करणं हे प्रथमोपचार करणाऱ्याचं कामच नाही, तोवर सोबत राहणं हे काम आहे. तुम्ही हे सगळं केलंत, आणि मला वाटतं करताना तुम्हाला त्यातली एकही पायरी आठवत नसेल.

आपल्याकडं बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत 7.3 टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. माझ्या शाळेच्या वरच्या दोन वर्गांचा हजेरीपट समोर ठेवून मी तो हिशोब केला आणि हजेरीपट मिटला. त्याच सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या शंभरांतले 85 जण उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. देशभरच्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यात महाराष्ट्र पहिला, 1,764. त्या तक्त्यात विद्यार्थ्यांचा रकाना वेगळा आणि बेरोजगारांचा वेगळा. पदवी हातात, नोकरी नाही, रोज चौदा तास अभ्यास करणारा पोरगा कुठल्या रकान्यात धरायचा? मला नाही वाटत ते ठरवणाऱ्यानं कधी शास्त्री रोड पाहिला असेल.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि शिकवणाऱ्या, न शिकवणाऱ्या सगळ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं. कोचिंग क्लासही त्यात आले. संचालक महोदय हे वाचत असतील तर त्यांनी पुढच्या रविवारी सत्काराऐवजी हे घ्यावं. खुर्च्या, मांडव, माईक सगळं तेच चालेल. हारांचा खर्च वाचेल.

मी आपली माझ्यापुरतं केलं. शाळेत पालक सभा असते. गणवेश, पोषण आहार, शिष्यवृत्तीचे कागद, यापुढं ती कधी जात नाही. मुख्याध्यापकांकडून त्यातला अर्धा तास मागून घेतला. एका आईनं विचारलं, पोर गप्प झालं ते वयामुळं की आजारामुळं, ओळखायचं कसं? आम्ही फळ्यावर लिहिलं, मूल आधी कसं होतं आणि आता कसं आहे ते बघा. झोप, भूक, खेळ, अभ्यास, मित्र. बदल दोन आठवडे टिकला तर दाखवा, आणि मरणाची भाषा आली तर दोन तासही थांबू नका. मागून एक आजोबा म्हणाले, 'आमच्या काळी नव्हतं असलं काही.' त्यांच्या शेजारच्या आजींनी पदर सावरत तिथल्या तिथं सांगितलं, 'होतं की. आपण त्याला बाहेरचं म्हणायचो.' सभेत एकदम शांतता. मग एक बाप उठला आणि म्हणाला, 'मी पोराला रोज म्हणतो, तुला काय कमी केलं. ते नाही म्हणायचं का?' म्हटलं, त्याला वाटतं तुम्ही हिशोब मागताय. त्याऐवजी 'काय होतंय सांग, मी बसलोय' म्हणा, आणि खरंच बसा. फोन बाजूला ठेवून.

सभा संपल्यावर एक गृहस्थ रेंगाळले. सगळे गेल्यावर म्हणाले, 'बाई, थोरली पोरगी सासरहून आलीय, बोलत नाही.' मी खिशातून फोन काढला आणि आधी विचारलं, 'ती घरी आहे का? तिला विचारून मग बोलू या का?' ते जरा चमकले. मग हो म्हणाले. त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी मला स्वतः फोन केला. दादा, ही तुमची करामत आहे. तुम्ही त्या मुलीला ओळखत नाही, ती तुम्हाला ओळखत नाही.

चांगुलपणाबद्दल आपल्याकडं फार मोठमोठं बोललं जातं. माणसाला वाटतं त्यासाठी खूप काहीतरी सोडावं लागतं, घरदार, नोकरी, निदान एखादी संध्याकाळ. तुम्हाला पाहिल्यापासून मला वाटतं की बरीचशी माणुसकी शिष्टाचारात असते. दार वाजवून आत येणं, माघारी न बोलणं, एखाद्याचं दुःख त्याच्याच मालकीचं आहे हे धरून चालणं. आमच्या घरात आता हे हळूहळू येतंय. परवा आई शेजारणीशी बोलताना म्हणाली, 'त्याला विचारते आणि सांगते.' शेजारीण नाराज झाली. होऊ दे.

भाऊ बरा आहे. गोळ्या चालू आहेत, झोपतो, दुपारी अण्णांबरोबर शेतात जातो आणि खताच्या मात्रेवरून त्यांच्याशी भांडतो. अ‍ॅग्रीवाल्यानं बापाशी भांडणं हे आमच्याकडं तब्येत सुधारल्याचं लक्षण मानलं जातं. पुण्याला परत यायचं की इथंच काही करायचं, ते अजून ठरलेलं नाही आणि कुणाला घाईही नाही. वाटलेल्या नोट्सपैकी काही एका ज्युनिअरनं स्वतःहून परत पाठवल्या. भावाला हसू आलं, म्हणाला, त्यातली चालू घडामोडी आता जुनी झाली.

तुमचा निकाल अजून लागायचाय, मला माहीत आहे. तो काय लागेल ते लागेल. आईनं निरोप दिलाय की पौषात हुरडा येतो, तेव्हा या. सोबत अभ्यासिकेतली दोन-चार पोरं आणलीत तरी चालतील, जागा आहे. परीक्षेची तारीख मध्ये येते म्हणून नाही म्हणू नका. ती पुढं जाईलच.

तुमची,
ताई
(जिल्हा परिषद शाळा, परभणी जिल्हा)